चौदा पावलं आणि रिसाल्याची धून

लष्कर, मुरार आणि ग्वाल्हेर या तिन्ही भागांतील तमाम निवासी जनांस कळविण्यात येते की, कंपू भागातील एका घरात पलंगापासून स्नानगृहापर्यंतचे अंतर चौदा पावले इतके असून, सदर अंतर कापण्याच्या कामी आयर्लंड देशाची मदत घेण्यात आली. त्या मदतीचे पुढे काय झाले याचे निवेदन खालीलप्रमाणे. वाचताना कोणी हसू नये. हसू आवरलेच नाही तर तोंडाला रुमाल लावावा.

पलंग माझ्या वडिलांचा. पावलंही त्यांचीच, आणि भानगड सगळी त्या पावलांची.

बाबा रिसालदार म्हणून निवृत्त झाले. आमच्या घरातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या रिसाल्यातले. पणजोबा आणि आजोबा घोड्यावर बसले. बाबांच्या वेळेपर्यंत घोडे जाऊन रणगाडे आले, पण रेजिमेंटनं नाव रिसाल्याचंच ठेवलं, हुद्दे रिसाल्याचेच ठेवले, आणि बाबांनी ऐटही रिसाल्याचीच ठेवली. त्यांच्या रेजिमेंटला चुकून कोणी पलटण म्हटलं तर ते अजून दुखावतात. पलटण पायदळाची असते म्हणे.

तीन वर्षांपूर्वी त्यांना कंपवात झाला. हात थरथरायला लागले, ते त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. कप अर्धाच भरायचा, एवढाच त्यांचा तोडगा. पण गेल्या दिवाळीपासून पाय ऐकेनासे झाले. बाबा उभे राहायचे, पाऊल उचलायला जायचे आणि तळवे फरशीला डिंकानं चिकटवल्यासारखे जागच्या जागी. अंग पुढे, पाय मागे. दोनदा पडले. दुसऱ्यांदा पडले ते आईला घेऊन. आई सत्याहत्तर वर्षांची, कंबरेला पट्टा बांधून स्वयंपाक करणारी.

डॉक्टर म्हणाले, "पंधरा दिवस व्यायाम करून बघा. नाहीच जमलं तर पलंगाशेजारी कमोडची खुर्ची ठेवा आणि एक माणूस लावा."

बाबांनी तिथे मान डोलावली. घरी आल्यावर मला म्हणाले, "ती खुर्ची या दारातून आत आली, की मी त्या दारातून बाहेर."

"बाबा, बाहेर जाता आलं असतं तर खुर्ची लागलीच कशाला असती?"

माझी जीभ ही अशी. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी आईनं मला स्वयंपाकघरात ओढलं आणि हळूच सांगितलं, की त्यांनी दुपारनंतर पाणी प्यायचं सोडलंय. चहाही नको म्हणतात. जावं लागू नये म्हणून. त्यावर मला एकही विनोद सुचला नाही. मी माधवगंजात माझ्या घरी गेले, शाळेत पंधरा दिवसांच्या रजेचा अर्ज टाकला, आणि परत कंपूला येऊन जाहीर केलं, की बाबा चालणार. स्वतःच्या पायांनी, स्वतः दार लावून, स्वतः कडी घालून. माझ्यात मराठी मंडळाच्या नाटकांत पंचवीस वर्षं काम केल्याचा एक दोष आहे. मी काहीही जाहीर करते.

व्यायाम करून घ्यायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची. गोड, उत्साही, आणि बाबांच्या नातीच्या वयाची. तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "आंटी, ऐसे पेशंट को म्यूज़िक पे चलाइए. पैर अटकता है ना, तो बीट पे निकल आता है."

कानांना ठेका मिळाला की पाय सुटतात, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, एवढंच? ग्वाल्हेरात संगीताला काय तोटा? आमच्याकडे दूधवालासुद्धा सुरात ओरडला नाही तर लोक दूध बदलतात.

पहिल्या दिवशी फोनवर नुसतं टक-टक वाजवलं. बाबा म्हणाले, "घड्याळ बिघडलंय, बंद करा." दुसऱ्या दिवशी भजन लावलं. बाबांनी डोळे मिटले, हात जोडले आणि पलंगावर आणखी मागे सरकून बसले. तिसऱ्या दिवशी मुलीनं एक दणदणीत सिनेमाचं गाणं लावलं. बाबांनी विचारलं, "बेटा, वरात कोणाची आहे?"

चौथ्या दिवशी ती वैतागून म्हणाली, "अंकल, आप ही बताइए. कौनसी धुन है जिस पे आप उठ जाएँगे?"

बाबांचे ओठ हलले. या आजारात आवाज खोल जातो, तेव्हा कान जवळ न्यावा लागतो. मी नेला.

"रिसाल्याची धून लावा," ते म्हणाले. "त्या धुनीवर मी उठेन."

आता रिसाल्याची धून म्हणजे कुठली? बाबांनी ती वॉकरच्या दांडीवर बोटांनी वाजवून दाखवली. पण बोटं मुळातच थरथरतात, त्यामुळे त्यातला ठेका किती आणि कंप किती हे काही कळेना. आईनं ती धून छावणीतल्या घरांतून आयुष्यभर ऐकलेली. तिला गुणगुणायला सांगितलं. पण आई सगळ्या आरत्या एकाच चालीत म्हणते. तिनं रिसाल्याची धूनही त्याच चालीत म्हटली.

मग माझी लेक कामाला लागली. तिनं फोनवर रिसाल्यांच्या धुना शोधून एकामागून एक लावायला सुरुवात केली. बाबा डोळे मिटून बसलेले. धून लागली की ऐकायचे आणि मान हलवायचे: नाही. पुढची. नाही. पुढची. नाही. आई गाजरं किसत होती, ती किसून संपली. हलवा शिजायला लागला. आणि कितव्या तरी धुनीला बाबांच्या उजव्या पायाचा अंगठा हलला.

"आई! नानांचा अंगूठा हिला! सच्ची, मैंने देखा!"

मीही पाहिलं. नुसता हलला नाही, ताठ झाला. मला तर रडूच आलं.

पोरीनं तोवर धुनीची कुंडली काढली. "आई, ये तो आयरिश आहे. इंडियन नाहीच आहे. तिथे ना, गावातले आवारा लडके दारू पिऊन ही म्हणायचे, और लोगों की खिड़कियाँ फोडायचे. मग एका गोऱ्या घोडेस्वारांच्या रेजिमेंटनं ती घेतली, क्यूँकि घोड्याच्या चालीवर एकदम फिट बसते. मग दुसरीनं घेतली, तिसरीनं घेतली. असं करत करत इथे आली."

मला हे ऐकून जो काही आनंद झाला तो काय सांगू! ज्या धुनीचं नाव काढताना बाबांचा आवाज देवघरात गेल्यासारखा व्हायचा, ती धून कुठल्याशा गावातल्या पिऊन धिंगाणा घालणाऱ्या पोरांची! बाबांनी जन्मात थेंब घेतला नाही. त्यांनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आयर्लंडवाल्यांनी आमच्याकडून नेली असेल."

"बाबा, ते कधी आले होते इकडे?"

"गोऱ्यांच्या फौजेत निम्मे तेच होते. नेली असेल कोणीतरी."

इथवर सगळं छान चाललं होतं. पुढचे आठ दिवस मात्र माझ्या आयुष्यातले सगळ्यात वैतागाचे.

कारण धून एक, पण मालक पन्नास. पहिली लावली ती खास आयर्लंडच्या दारूच्या गुत्त्यातली. फिडल, बासरी आणि टाळ्या. बाबा म्हणाले, "हे पळताहेत. यांच्यामागे कोणी लागलंय का?" दुसरी लावली ती बॅगपाइपवर, भारदस्त, मला तरी उत्तम वाटली. बाबांनी भुवया वर केल्या. "ही त्यांची."

"त्यांची म्हणजे?"

त्यांनी दुसऱ्या एका रेजिमेंटकडे हात केला, म्हणजे साधारण भिंतीवरच्या कॅलेंडरच्या दिशेनं. "ते शेवटची ओळ दोनदा वाजवतात. आम्ही एकदाच. आणि आमची जरा सावकाश. दमदार."

"बाबा, तुम्हाला बाथरूमपर्यंत जायचंय. दोनदा वाजली तर काय बिघडलं?"

"मग तूच जा."

त्यांच्या स्वतःच्या रेजिमेंटची धून एकच सापडली. कोणीतरी समारंभात फोनवर टिपलेली. ती वाजते आहे आणि वरून कोणी साहेब स्वच्छतेवर भाषण करताहेत. बाबा त्या भाषणाला कंटाळून झोपले.

म्हणून मी माधवगंजातल्या बँडवाल्यांकडे गेले. दुकान रस्त्याला लागूनच, दारात पितळी भोंगे टांगलेले. मास्टरजी सत्तरीचे, क्लॅरिनेट वाजवणारे, आमच्या निम्म्या नातेवाइकांना त्यांनीच बोहल्यापर्यंत पोहोचवलेलं. मी त्यांना फोनवर धून ऐकवली, शेवटची ओळ एकदाच, सावकाश, दमदार, हे सगळं समजावलं. मास्टरजींनी डोळे मिटून ऐकलं आणि दुसऱ्याच फटक्यात क्लॅरिनेटवर जशीच्या तशी काढली. माझ्या अंगावर काटा आला.

आणि मग ढोलवाल्यानं साथ धरली.

धून सहा मात्रांची. आपल्या दादऱ्यासारखी, पण उड्या मारत जाणारी. ढोलवाल्याचे हात मात्र जन्मापासून केरव्याचे, आठ मात्रांचे. त्यानं दोन ओळींत आयर्लंडची मान पिरगाळून तिची लग्नातली नाचायची धून करून टाकली. मी ओरडले, "भैया, छह! छह!"

"मैडम जी, छह मात्रे में बारात रुक जाती है."

"बारात नहीं है. पिताजी हैं."

"पिताजी को कहाँ ले जाना है?"

भर बाजारात आता काय सांगू? "अंदर के कमरे तक," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी परत गेले. त्यानं सहा मात्रा धरल्या, तिसऱ्या ओळीला सोडल्या. तिसऱ्या दिवशी मास्टरजी म्हणाले, "मैडम, आप चल के दिखाइए कितनी तेज चाहिए." तेव्हा सकाळी साडेअकरा वाजता, भाजीवाले, रिक्षावाले आणि माझ्या शाळेतल्या दोन विद्यार्थिनींच्या आया यांच्यासमोर मी बँडच्या दुकानापासून देवळाच्या पायरीपर्यंत डावा-उजवा करत मार्च केला आणि परत आले. पाच वेळा. हात खांद्यापर्यंत. वय त्रेपन्न. एका आजींनी मला नवस फेडते आहे असं समजून नमस्कार केला. मी आशीर्वादाचा हात वर केला. नाही म्हणायला तेवढंच सुख.

तेव्हाही ढोलवाला चौथ्या ओळीला केरव्यावर घसरलाच. मी डोक्याला हात लावून दुकानाच्या बाकावर बसले आणि चक्क रडले. पंधरातले तेरा दिवस गेले होते. सकाळी दुकानदाराचा फोन येऊन गेला होता, की पंधरा दिवसांनी पाठवा म्हणून सांगून ठेवलेली कमोडची खुर्ची उद्या पोहोचते. आणि घरी एक माणूस दुपारनंतर तहान मारून बसला होता.

मास्टरजींनी माझ्याकडे पाहिलं. ढोलवाल्याला चहा आणायला पाठवलं. छोटा ड्रम स्वतःच्या गुडघ्यांत धरला, त्याची सहा मात्रांची लय आधी वाजवून माझ्या फोनवर टिपून घेतली आणि मग तीच ऐकत वर क्लॅरिनेट वाजवलं. माझी लेक सोबत होती, तिनं दोन्ही जोडलं. सहाच्या सहा मात्रा, शेवटची ओळ एकदाच, सावकाश, दमदार.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे हजर. फिजिओ मुलगी, मी, लेक. खुर्चीही येऊन पडलेली, पुठ्ठ्याच्या खोक्यात, व्हरांड्यात. बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. पलंगावर कडेला बसले, दाढी केलेली, स्वेटरची बटणं लावलेली. वॉकर समोर. आई स्वयंपाकघरात कणीक मळत होती. मला बघवणार नाही म्हणाली.

धून लागली.

बाबा उठले. कोणी हात दिला नाही. वॉकरला धरून उठले, मग एक हात सोडला. मग दुसरा सोडला. हात मांडीला लावले, मुठी वळल्या, हनुवटी वर. गेल्या तीन महिन्यांत वाकलेली पाठ सरळ झाली. हाताचा कंप जवळजवळ दिसेना. मुलगी कुजबुजली, "ओ माय गॉड, आंटी." लेकीनं माझा दंड धरला.

आणि बाबा उभे राहिले.

नुसते उभे. ओळ संपली, दुसरी संपली, शेवटची एकदाच वाजली, धून थांबली. बाबा तसेच. लेकीनं पुन्हा लावली. बाबा तसेच.

"अंकल, चलिए ना! लेफ्ट, राइट!"

"बाबा, पाऊल टाका. बाबा! ठेका ऐका!"

बाबा ओठ न हलवता, समोर भिंतीकडे बघत, दातांतून म्हणाले, "धून चालू असताना हलायचं नसतं."

"काय?"

धून दुसऱ्यांदा संपली तेव्हा त्यांनी खुलासा केला. ही धून रणगाडे समोरून जाताना वाजते. रणगाड्यात असलेला जात असतो, आणि जमिनीवर असलेला प्रत्येक जण सावधान उभा असतो. पणजोबांच्या वेळेला घोडे जायचे, तेव्हाही तेच. या धुनीवर घोडे चालले, रणगाडे चालले. सबंध नोकरीत बाबांनी स्वतःच्या पायानं त्या धुनीवर एक पाऊल टाकलेलं नाही. टाकलं असतं तर शिक्षा झाली असती.

मी खाली बसले. फरशीवरच. "मग हे आधी का नाही सांगितलंत? मी भर बाजारात परेड केली! पाच वेळा!"

"मी उठेन म्हणालो होतो," बाबा म्हणाले. "उठलोय."

खोटं नव्हतं ते. आयर्लंडच्या त्या उनाड पोरांना काय माहीत, की आपण खिडक्या फोडताना म्हणायची ती धून कुठल्या तरी रिसाल्यात जाऊन इतकी सोवळी होईल, की कंपूतला एक म्हातारा तिच्यासाठी जागचा हलणार नाही. मला हसूही येत होतं आणि डोकं आपटावंसंही वाटत होतं.

"आता संपली ना धून? आता तरी चला."

बाबा ताठच. "हुकूम?"

"काय?"

"सावधानमधून हुकुमाशिवाय हलत नाहीत."

मी उठले, छाती फुगवली आणि मंडळाच्या नाटकातल्या सेनापतीच्या आवाजात गर्जना केली, "वीरा, पुढे हो!"

"हे काय आहे?" बाबांनी विचारलं.

फिजिओ मुलीनं प्रयत्न केला, "अंकल, प्लीज़ चलिए." बाबांनी तिच्याकडे दयेनं पाहिलं. लेक म्हणाली, "नाना, गो!" तिच्याकडे तर पाहिलंच नाही. पण आता त्यांचे गुडघे कापायला लागलेले मला दिसत होते. ताठ पाठ हळूहळू पुढे येत होती. आणखी मिनिटभर, आणि ते पलंगावर बसले असते. मग बाहेरचं खोकं फोडावंच लागलं असतं.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात आई आली. दोन्ही हात कणकेचे, कंबरेला पट्टा. एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा व्हरांड्याकडे. छावणीतल्या तिच्या सगळ्या घरांच्या खिडक्या कवायतीच्या मैदानावर उघडायच्या, हे आम्ही कोणी कधी लक्षातच घेतलं नव्हतं. तिनं श्वास घेतला आणि जो आवाज काढला तो मी त्रेपन्न वर्षांत कधी ऐकला नव्हता.

"रिसालदार साब! दाहिने... मुड़!"

बाबा वळले. वॉकरला हात न लावता. टाचा फरशीवर आपटल्या.

"तेऽज़... चल!"

डावा पाय उचलला गेला. डिंक नाही, काही नाही. बायाँ, दाहिना, बायाँ. फिजिओ मुलगी हात पसरून त्यांच्या मागे धावली, पण तिचं काही काम नव्हतं. आई जागेवरून पावलं मोजून देत होती, एक-दो-एक, एक-दो-एक, आणि तिच्या हातातली कणीक खाली पडत होती. जिथे रोज पाय अडायचा तो उंबरा बाबांनी असा ओलांडला जणू तिथे काही नाहीच. बाथरूमच्या दाराशी पोहोचले आणि तिथेच जागच्या जागी पाय आपटत राहिले. भिंत समोर, माणूस थांबेना.

"अगं, थांबायचं सांग," बाबा म्हणाले.

"थम!"

बाबा थांबले. आत गेले. दार लागलं. कडी पडली, खट्‌कन, आतून.

आम्ही चौघी तशाच उभ्या होतो. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळे नव्हते. मग ती त्या बंद दाराकडे बघून, सबंध गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"मेलं, हुकूमच हवा होता तर लग्न झालं तेव्हाच सांगायचं होतंत की हो!"